डब्यातली मेणबत्ती: आधी वात, मग मेण, रूप सगळ्यात शेवटी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते. खानापूरला दिरांच्या मिठाईच्या दुकानात रसगुल्ल्याचे आणि कंडेन्स्ड मिल्कचे रिकामे डबे किलतानाची पोती भरभरून साठतात. ते भंगारात घालण्याऐवजी त्यांत जुन्या, गावठी वळणाच्या, जाड्याभरड्या दिसणाऱ्या मेणबत्त्या करून दिवाळीत आणि नाताळात बेळगावला विकाव्यात, असं तुमच्या गटानं ठरवलं. पहिल्या खेपेला चार अडचणी आल्या. वातीभोवती मेण खोल बसलं, मोठ्या डब्यात ज्योत मेणात बुडून विझली, लहान डब्यात काजळी धरली आणि डबा हात लावू देईना, आणि वर शोभेला खोचलेल्या दालचिनीच्या काड्यांनी पेट घेतला.

पहिली गोष्ट म्हणजे मेणाचा स्वभाव आहे, तिच्यावर सोपा उपाय आहे. दुसरी आणि तिसरी या एकाच कारणाच्या दोन बाजू: वात डब्याला जुळलेली नाही. चौथी मात्र धोक्याची आहे. मेणात काहीही खोचणं आजपासून बंद करा. दालचिनी, लवंग, सुकी फुलं, कॉफीच्या बिया, संत्र्याची साल, यांतलं काहीही वितळलेल्या मेणावर तरंगत ज्योतीपाशी आलं की मेण शोषून दुसरी वात बनतं. एका वातीसाठी केलेल्या डब्यात तीन-चार ज्योती पेटल्या तर सगळं मेण एकदम तापतं आणि मग ती मेणबत्ती राहत नाही.

तुम्ही ज्या नमुन्यांवरून काम सुरू केलंत ती धाटणी अमेरिकेतली आहे. न्यू इंग्लंड, पेनसिल्व्हेनिया या भागांतल्या जुन्या शेतकरी घरांत चरबीच्या मेणबत्त्या आणि खिळ्यानं भोकं पाडलेले पत्र्याचे कंदील असत. बेबेरी नावाच्या झुडपाच्या फळांचं मेण काढूनही तिथे मेणबत्त्या करत. त्या काळाची आठवण म्हणून आजचे तिथले कारागीर नवा माल मुद्दाम जुनाट करतात: डबे गंजवतात, बाहेरून दालचिनीची पूड लावतात, चिंध्या आणि सुतळी बांधतात. छायाचित्रांत मसाल्यांनी माखलेल्या ज्या मेणबत्त्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच फक्त मांडून ठेवायच्या किंवा बॅटरीवरच्या असतात. पेटवायची मेणबत्ती करायची तर सगळा जुनाटपणा डब्याच्या बाहेर ठेवायचा आणि आत फक्त स्वच्छ मेण आणि वात. आपल्याकडेही पत्र्यातला उजेड नवा नाही. वीज नसलेल्या घरांत पत्र्याची कामं करणाऱ्यांनी जुन्या डब्यांतून केलेली रॉकेलची चिमणी होतीच. त्या माणसांनी वात बसवायची नळी किती जाड ठेवायची याचा जो विचार केला, तोच आपल्याला इथे करायचाय.

डब्यांपासून सुरुवात करू. रसगुल्ला, कंडेन्स्ड मिल्क, दूध पावडर, कॉफी, डबाबंद फळं, हे सगळे लोखंडी पत्र्याचे डबे चालतात. शीतपेयांचे ॲल्युमिनियमचे डबे घेऊ नका, ते फार पातळ असतात आणि चटकन कलंडतात. रंगाचे, थिनरचे आणि शेतीच्या औषधांचे डबे कितीही धुतले तरी घ्यायचे नाहीत. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या आणि तंबाखूच्या शेतांवर असे डबे ढिगानं मिळतात आणि आकारानं छान असतात, म्हणून मुद्दाम सांगते. फार जुने, जोडावर झाळलेले डबेही नकोत, त्या काळच्या झाळकामात शिसं असायचं.

झाकण कापल्यावर कड धारदार राहते. ती पकडीनं आतल्या बाजूला दाबून घ्या आणि कानस फिरवा. पाकाचा चिकटपणा गरम पाण्यानं काढा, कारण आत साखर राहिली तर ती करपते आणि वास मारतो. मग डबा पाण्यानं भरून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर तो डबा मेणासाठी बाद, त्याचा नुसता कंदील करा. पाणी ज्या जोडातून पाझरतं, तिथून गरम मेण हमखास पाझरतं.

डबा पूर्ण कोरडा करायचा. तळात पाण्याचा थेंब राहिला तर शेवटी शेवटी ज्योत तडतडते आणि मेण उडतं.

आता वात. माझा सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर जातो आणि तुमचाही जायला हवा.

मेण स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्योतीच्या उष्णतेनं वितळलेलं मेण वातीतून वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती पेटते. वात बारीक असेल तर ज्योत लहान पडते, मधलंच मेण वितळतं, कडेचं तसंच राहतं आणि मध्ये विहीर तयार होते. त्या विहिरीत साठलेल्या मेणात ज्योत बुडते. तुमच्या रसगुल्ल्याच्या डब्यात हेच झालं. वात जाड असेल तर ती जळू शकेल त्याहून जास्त मेण वर ओढते, ज्योत उंच होऊन नाचते, टोकावर काळी गाठ धरते, काजळी सुटते आणि डबा तापतो. लहान डब्यात हे झालं. तुम्ही दोन्हीकडे एकच वात वापरलीत, म्हणून एकीकडे ती तोकडी पडली आणि दुसरीकडे भारी झाली.

जुळलेली वात ओळखायची खूण अशी: पेटवल्यापासून तीन-चार तासांत वितळलेलं मेण डब्याच्या कडेपर्यंत पोचावं आणि त्याची खोली साधारण 1 सेंटीमीटर असावी. अर्ध्या-पाऊण तासातच कडेला पोचलं तर वात जाड, चार तासांतही पोचलं नाही तर बारीक. पत्रा उष्णता चटकन पसरवतो, त्यामुळे काचेच्या ग्लासासाठी दुकानदार जी वात सुचवतो तिच्याहून एक पायरी बारीक वात पत्र्यासाठी आधी करून बघा.

400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कचा डबा सुमारे साडेसात सेंटीमीटर रुंद असतो. त्याला मधोमध एक मध्यम वात पुरते. एक किलो रसगुल्ल्याचा डबा 10 सेंटीमीटरच्या आसपास. त्याला एक जाडजूड वात लावण्यापेक्षा दोन बारीक वाती लावा, एकमेकींपासून 5 सेंटीमीटरवर आणि प्रत्येक कडेपासून अडीच सेंटीमीटरवर. दोन्ही वातींभोवतीचं वितळलेलं मेण एकमेकांत मिसळून कडेपर्यंत पोचलं की सगळा डबा उजळतो. तीन वाती दिसायला भरगच्च दिसतात, पण एवढ्या डब्यात उष्णता फार होते. मी लावत नाही.

वात विकत घ्यायची तर विणलेली सुती वात आणि तिच्याबरोबर पत्र्याची चकती घ्या. ज्या चकतीची नळी थोडी उंच असते ती चांगली, कारण मेण तळाला गेलं की ज्योत नळीच्या टोकाशी आपोआप विझते आणि तळ जळत नाही. स्वतः करायची तर आपल्या भागात सूत मिळवणं अवघड नाही. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागवाल्यांकडे उरलेलं सूत असतं. पण विचारून घ्या: तिथल्या साड्यांत कृत्रिम रेशीम आणि पॉलिएस्टरही असतं. पॉलिएस्टरचा धागा पेटवला तर वितळून कडक गोळी होते, तेव्हा तो लगेच ओळखू येतो. कृत्रिम रेशीम मात्र सुतासारखंच कागदाच्या वासानं जळतं, ते जाळून ओळखता येत नाही, विणकराच्या शब्दावरच जावं लागतं.

सुताचे तीन पदर घेऊन वेणी घालायची, नुसता पीळ द्यायचा नाही. जुन्या पिळाच्या वातींची काजळलेली टोकं जळताना सारखी छाटावी लागत. 1825 च्या सुमारास फ्रान्समध्ये कॅम्बासेरेस यानं वेणीची वात आणली आणि ती कटकट संपली. वेणी जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या बाहेर हवेत येतं आणि तिथे जळून जातं. वेणी घातल्यावर एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून त्यात ती दिवसभर भिजवा, मग दोन दिवस दोरीवर टांगून खडखडीत वाळवा. टाकणखारामुळे वात सावकाश जळते आणि राखेचं टोक उभं राहत नाही, वितळून गळून जातं. टाकणखार काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. पापडखार वेगळा, तो इथे उपयोगाचा नाही. आणि भिजवलेलं भांडं स्वयंपाकात परत वापरायचं नाही, मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. वाळलेली वात शेवटी वितळलेल्या मेणात बुडवायची. बुडबुडे येणं थांबलं की बाहेर काढून सरळ ओढून कागदावर ठेवायची. हे केलं नाही तर वातीत हवा आणि ओल राहते. तुमच्याकडे खानापूर भागात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की उघडी वात चार दिवसांत दमट होते. मेणात बुडवून बरणीत ठेवलेली टिकते.

मेणाबद्दल. बाजारात लादीच्या रूपात मिळतं ते पॅराफिन, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना निघणारं मेण. आपल्या देशात आसामातल्या दिग्बोई आणि नुमालीगड इथल्या शुद्धीकरण कारखान्यांतूनही ते येतं. 58 ते 60 अंशांना वितळणारं, पूर्ण शुद्ध केलेलं मेण मागा. तेलकट, पिवळट, स्वस्त लादी घेऊ नका, ती धूर करते. नुसतं कडक पॅराफिन थंड होताना पत्र्यापासून सुटतं, म्हणून मी त्यात सोया मेण, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून केलेलं मेण, मिसळते: सात भाग पॅराफिन, तीन भाग सोया. सोया न मिळालं तर दहावा भाग मधमाशीचं मेण घाला. ते 62 ते 64 अंशांना वितळतं, मिश्रणाला चिवटपणा देतं आणि जुन्या हस्तिदंतासारखा फिकट पिवळा रंग येतो, जो या धाटणीला फार शोभतो. तुमच्या बाजूच्या जंगलपट्ट्यात मध काढणाऱ्यांकडे पिळून उरलेली पोळी असतात. ती पाण्यात उकळा, जुन्या सुती फडक्यातून गाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मेणाची थाळी वर तरंगलेली मिळते, तिच्या खालच्या अंगाला लागलेला गाळ सुरीनं खरवडून काढायचा. मोहोळ जाळून मध काढणाऱ्यांकडून मात्र पोळी घेऊ नका, पुढच्या वर्षी तिथे माशी राहणार नाही.

जुन्या मेणबत्त्यांची थोटकंही चालतात. वितळवून फडक्यातून गाळायची, म्हणजे जळक्या वातींचे कण निघतात. निरनिराळ्या रंगांची थोटकं एकत्र झाली की मातकट तपकिरी रंग येतो. एरवी तो कुणाला नको असतो, आपल्याला हवाच आहे. हळद, कुंकू, काव किंवा मुलांचे खडू घालून मेण रंगवू नका. त्यांचे कण वातीच्या धाग्यांत अडकतात आणि ज्योत अर्ध्या वाटेत मरते. रंग हवाच असेल तर मेणात विरघळणारा, मेणबत्तीसाठीचा घ्या. वनस्पती तूप घालावं का, असं तुमच्या गटातल्या कुणीतरी विचारलंय. ते 40 अंशांच्या आतच पातळ होतं. एप्रिलच्या उन्हात दुकानाच्या फळीवर त्याचा डबा ठेवून बघा, उत्तर मिळेल. कापूरही घालू नका, तो भडकतो.

सुगंध घालायचा तर मेणबत्तीसाठी म्हणून विकलं जाणारं तेलच घ्या. अत्तर, अंगावरचा स्प्रे, अगरबत्तीचा अर्क यांतला अल्कोहोल किंवा इतर द्रावक मेणात नीट मिसळत नाही आणि पेटतो. 100 ग्रॅम मेणाला 5 ग्रॅम पुष्कळ झालं. जास्त घातल्यानं वास वाढत नाही, तेल सुटून वर घाम येतो.

किती मेण लागेल हे ठरवायला डब्यात जिथवर भरायचं तिथवर पाणी ओता आणि ते मापून घ्या. जेवढे मिलिलिटर, त्याचे नऊ दशांश ग्रॅम मेण. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात वर दोन बोटं सोडून साधारण 225 मिलिलिटर बसतं, म्हणजे 200 ग्रॅमच्या आसपास मेण.

मेण कधीही थेट शेगडीवर वितळवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात तळाला जाळी किंवा वाटी, तिच्यावर मेणाचं भांडं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचावर आहे, इथे पाणी 97-98 अंशांनाच उकळतं, त्यामुळे पाण्यात ठेवलेलं मेण त्याच्यावर जाऊच शकत नाही. थेट आचेवर मात्र ते गुपचूप 200 अंशांच्या पुढे जातं, उकळीसारखी कुठलीच खूण दाखवत नाही आणि मग त्याची वाफ पेट घेते. मेण पेटलंच तर गॅस बंद करायचा आणि भांड्यावर झाकण ठेवायचं. पाणी ओतायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण छपरापर्यंत उडतं. तुम्ही दहा-बाराजणी एकत्र काम करता, तेव्हा शेगडीपाशी एकीनं फक्त मेणाकडे लक्ष ठेवायचं, पदर खोचलेला, शेजारी कोरड्या वाळूची बादली. चुलीवर हे काम नको. ज्वाळा भांड्याच्या बाहेरून वर येतात. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, नळीत थिजून बसतं.

तापमापक घ्याच. अंदाजानं मेण ओतणाऱ्यांच्या मेणबत्त्या दर खेपेला वेगळ्या निघतात आणि कारण सापडत नाही. मेण 80 अंशांपर्यंत न्या, सुगंध त्या वेळी घालून दोन मिनिटं हलक्या हातानं ढवळा, 75 अंशांच्या आसपास ओता. त्याआधी चकती तळाला मध्यभागी पक्की चिकटवा आणि वरून वात दोन काड्यांच्या चिमट्यात ताठ धरा. वात तिरकी राहिली तर शेवटी ज्योत पत्र्याला टेकते आणि त्या जागी डबा चटका देण्याइतका तापतो. डबे उन्हात किंवा गरम पाण्याच्या परातीत ठेवून कोमट करून घ्या. डिसेंबरच्या गार सकाळी थंड पत्र्यावर मेण ओतलं तर ते कडेला आधी थिजतं आणि मधला खड्डा आणखी खोल होतो.

आता तो खड्डा. पॅराफिन थिजताना 10 ते 15 टक्के आक्रसतं. कडेचं आणि वरचं आधी घट्ट होतं, आतलं मागाहून आक्रसतं, म्हणून वातीभोवती पोकळी होते. ती झाकायची नाही, उघडायची. वर साय धरली की दाभणानं वातीच्या आजूबाजूला तीन-चार खोल भोकं पाडा, पुढच्या दीड-दोन तासांत एकदा-दोनदा पुन्हा. भांड्यात थोडं मेण राखून ठेवलेलं असतं, ते पहिल्यापेक्षा पाच अंश जास्त गरम करून त्या भोकांत ओता. पहिल्या पातळीच्या वर जाऊ नका. हे न करता नुसतं वरून सारवलं तर आत पोकळी तशीच राहते, ज्योत तिथे पोचली की एकदम खाली बसते. पत्र्याच्या डब्याचा एक फायदा इथे लक्षात घ्या: काचेत मेण सुटल्याचे डाग, पांढरी बुरशीसारखी नक्षी असले दोष दिसतात आणि ते घालवण्यात लोक महिने घालवतात. पत्र्यात ते दिसतच नाहीत. वाचलेला वेळ वातीला द्या.

ओतल्यावर दोन दिवस डब्याला हात लावू नका. सोया मिसळलेलं असेल तर आठवडा थांबा, मगच पेटवून पाहा.

उंच डब्यांबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती पुढे आडवी येणार. मेण खाली जात जातं तशी ज्योत डब्याच्या तळाशी जाते आणि तिला हवा कमी पडते. मग ती थरथरते आणि धूर करते, वात बरोबर असली तरी. म्हणून रुंदीच्या दीडपटीहून उंच डबा मी मेणासाठी घेत नाही. थोडा उंच असेल तर वरच्या रिकाम्या कडेला भोकं पाडते. ती शोभाही देतात आणि हवाही.

भोकं पाडताना पत्रा चेपतो, त्यावर जुना उपाय बर्फाचा. डब्यात वर दोन बोटं सोडून पाणी भरा, फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना फुगतं आणि तळ बाहेर येऊन डबा डुलायला लागतो. बर्फ झाला की डबा घडी घातलेल्या किलतानावर आडवा ठेवायचा, कागदावरचा नमुना चिकटवायचा आणि खिळा-हातोडीनं ठोकायचं. आतून बर्फाचा आधार असल्यानं पत्रा पिचत नाही. बर्फ सुटायला लागला तर परत फ्रीजरमध्ये. नमुने बाहेरून आणू नका, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीहून या कामाला साजेसं काही नाही. ठिपका म्हणजे भोक, इतकं सरळ. तुमच्या गटातल्या थोरल्या बायकांना ज्या रांगोळ्या तोंडपाठ आहेत त्यांतल्या लहान, गोल बांधणीच्या निवडा. नाताळासाठी चांदणीची रांगोळी तशीच्या तशी चालते. मेण भरायच्या डब्यात भोकं मेणाच्या पातळीच्या वर किमान एक बोट असावीत. पाझरणारे जे डबे बाद केलेत, त्यांना मात्र वरपासून खालपर्यंत भोकं पाडा आणि आत लहान पणती ठेवायचा कंदील म्हणून विका.

बाहेरचं रूप महत्त्वानं सगळ्यात शेवटी, पण ते काम मेण ओतण्याआधी पुरं करा. गंज हवा असेल तर कागद काढून पॉलिश पेपरनं बाहेरचा चकचकीत थर घासा, कारण कथिलाचा मुलामा असेपर्यंत पत्रा गंजत नाही. मग व्हिनेगरमध्ये मीठ कालवून फडक्यानं लावा आणि सावलीत ठेवा, वाळलं की पुन्हा लावा. पावसाळ्यात एका दिवसात सुंदर तांबूस थर येतो. हवा तितका आला की सोडा घातलेल्या पाण्यानं धुवा, वाळवा आणि उष्णता सोसणाऱ्या पारदर्शक लाखेचा हात द्या, नाहीतर गिऱ्हाइकाच्या टेबलक्लॉथवर डाग पडतो. तळाच्या जोडाला गंज चढू देऊ नका. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करायची कृती कुठे वाचली असेल तर करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दालचिनीऐवजी मी सुचवीन आपली लाल माती. खानापूरकडची माती वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीनं चाळा. तिच्यात फिल्टर कॉफीचा वापरलेला, पूर्ण वाळवलेला चोथा थोडासा मिसळा. पत्र्यावर पातळ केलेला फेविकॉल ब्रशनं आडवातिडवा लावून वरून हे भुरभुरवा. माती जळत नाही, पैसे पडत नाहीत, आणि जो खरखरीत तांबूस पोत येतो तो दालचिनीच्या पुडीला येत नाही. मी दोन्ही वापरून पाहिलेत आणि मातीकडेच वळले. वरची तीन बोटं कोरी सोडा. सुतळी, खादीची चिंधी, लाकडी टिकली, जे काही बांधायचं ते डब्याच्या खालच्या अर्ध्या भागात आणि घट्ट. लोंबणारी टोकं नकोत. बाहेरून मेण चोळू नका, डबा तापला की तेच ओघळून खाली येतं.

विक्रीआधी परीक्षा. एकाच मापाचे तीन डबे, एकच मेण, तीन जाडीच्या वाती. प्रत्येकावर वातीचा नंबर लिहा. वात 5 ते 6 मिलिमीटरवर कापा, डब्याचं वजन करा, वारा नसलेल्या खोलीत चार तास जाळा, पुन्हा वजन करा. कडेला मेण किती वेळात पोचलं, धूर आला का, डबा कडेला धरवतो का, हे वहीत लिहा. पूर्ण थंड झाल्यावर वात पुन्हा कापून पुन्हा चार तास, असं डबा संपेपर्यंत. नुसतं पहिल्या दिवशी नीट जळलं म्हणून पास करू नका, खरी अडचण अर्ध्याखाली दिसते. ताशी किती ग्रॅम जळतं ते वजनांवरून निघतं आणि त्यावरून डबा किती तास चालेल हे तुम्ही गिऱ्हाइकाला खरं सांगू शकता. डबा, मेण, सुगंध यांतलं काहीही बदललं की परीक्षा नव्यानं. सुगंधी तेलानंसुद्धा वातीची चाल बदलते.

गिऱ्हाइकाला सांगायच्या गोष्टी चिठ्ठीवर छापा, मराठी आणि कन्नड दोन्हींत, जवळ साधी चित्रं काढून. खडेबाजारात तुमच्यासमोर कोण उभं राहील सांगता येत नाही आणि आगीची सूचना सगळ्यांना कळली पाहिजे. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळेपर्यंत विझवू नका, कारण पहिल्या वेळी मेण जिथवर वितळतं, पुढेही साधारण तिथवरच वितळत राहतं. दर वेळी वात कापा. चार तासांहून जास्त जाळू नका. पेटलेला डबा उचलू नका. विझवायला फुंकू नका, वर बशी ठेवा. तळाशी 1 सेंटीमीटर मेण उरलं की थांबा. डबा नुसत्या लाकडावर, प्लॅस्टिकवर ठेवू नका. या शेवटच्या सूचनेसाठी एक सोय करता येईल: खानापूरला कुंभारकाम जुनं आहे, मातीच्या भांड्यांची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. गावातल्या कुंभाराकडून डब्याच्या मापाच्या भाजलेल्या चपट्या ताटल्या करून घ्या आणि डब्याबरोबरच द्या. डबा सुरक्षित राहतो, जोडी शोभते, आणि किंमत थोडी वाढवून सांगायला कारण मिळतं.

बंद वेष्टनात विकणार असाल तर निव्वळ वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष छापावं लागतं. ‘डास पळतात’ असं गवती चहाच्या तेलाच्या जोरावर लिहू नका, उघड्या अंगणात त्याचा परिणाम फार थोडा असतो. किंमत ठरवताना डबा फुकट मिळाला म्हणून कमी सांगू नका. तो धुणं, घासणं, ठोकणं यात बाईचा जो वेळ जातो तो मेणाच्या पैशांहून जास्त आहे, आणि गटातल्या प्रत्येकीला तो मिळायला हवा.

दिवाळीसाठी करायचं तर वातींच्या परीक्षा श्रावणातच सुरू करा, म्हणजे गणपतीनंतर माल ओतायला हात मोकळे राहतील. परीक्षा झाल्या की प्रत्येक डब्याची रुंदी, वातीची जाडी आणि मेण कडेला पोचायला लागलेला वेळ एवढं मला कळवा. रसगुल्ल्याच्या डब्याला दोन वाती कमी पडतात की जास्त, ते त्यावरून सांगते.